अंगावरून जाणारे वारे आणि जपानचे आकडे

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाची एक बाजू एकाएकी लुळी पडली की आपल्याकडे 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. अर्धांगवायू ह्या शब्दातही वायूच आहे, आणि आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातविकारांत केली आहे. जपानी भाषेत ह्याच आजाराचे जुने नाव 'चूफू' असे आहे. तो शब्द मुळात चिनी असून त्याचा अर्थ वाऱ्याचा तडाखा बसणे असा होतो. दोन दूरच्या समाजांना एकच कल्पना सुचावी ह्याचे प्रथम मला नवल वाटले. पण विचार केल्यावर ते तितकेसे उरले नाही. सकाळी बैल सोडून गेलेला धडधाकट माणूस दुपारी बांधावर कोसळतो, तोंड वाकडे होते, वाचा जाते. मारणारा कोणी दिसत नाही. अशा वेळी वाऱ्याखेरीज दोष द्यायचा तरी कोणाला?

वारे मनाला येईल तिकडून येते, त्याला कारण विचारू नये, असा ह्या शब्दामागचा भाव आहे. प्रस्तुत लेखात मला सांगायचे आहे ते ह्याच्या उलट आहे. एका देशात ह्या वाऱ्याचा माग काढण्यात आला, तो कोठून येतो हे पुष्कळसे कळले, आणि एका पिढीच्या आत त्याचा जोर ओसरला. तो देश म्हणजे जपान. मात्र हा माग काढण्याच्या कामी औषधांइतकेच महत्त्व मोजणीला होते, आणि मोजणी ही वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. अर्थशास्त्राच्या पेपरात संख्याशास्त्राची जी तोंडओळख झाली तिच्या आधारानेच मी ह्या विषयात शिरलो आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. पक्षाघात हा एक आजार नसून निदान दोन आजार आहेत. पहिल्या प्रकारात मेंदूला रक्त पुरवणारी नलिका गुठळीने तुंबते आणि तिच्या पुढचा भाग रक्तावाचून मरतो. दुसऱ्या प्रकारात नलिका फुटते आणि रक्त मेंदूच्या आतच सांडते. शेतकऱ्याच्या घरच्यांना हे पाटाच्या पाण्यावरून चटकन समजेल. पाटात गाळ साचला तर पुढचा वाफा वाळतो. पाट फुटला तर अलीकडचा वाफा वाहून जातो. पीक दोन्ही वेळी जाते, पण दोष निराळा आणि दुरुस्तीही निराळी. (मेंदूच्या आवरणाखाली धमनीचा फुगा फुटून होणारा रक्तस्राव हा आणखी एक प्रकार आहे. त्याची चाल वेगळी असल्याने तो येथे घेतलेला नाही.) ह्या लेखाचा विषय आहे तो पाट फुटण्याचा, म्हणजे मेंदूतील रक्तस्रावाचा. हा प्रकार अधिक घातक होय. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार रक्तस्राव झालेल्या दर दहा रोग्यांपैकी चार महिन्याच्या आत दगावतात.

नलिका फुटते का? मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांतून अगदी बारीक शाखा निघून थेट खोल आत जातात. मोठ्या धमनीतल्या दाबाचा मारा ह्या बारीक शाखांना जवळून सोसावा लागतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांच्या भिंतींची लवचीकता जाते, त्या ठिसूळ होतात, आणि एखादे दिवशी त्यांतली एक फुटते. म्हणजे झटका क्षणाचा असला तरी त्याची तयारी वीस-वीस, तीस-तीस वर्षे चाललेली असते. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सर्व आकडे समजायला सोपे जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये क्षयाच्या मृत्यूंना आळा बसू लागला, आणि १९५१ साली पक्षाघात हे त्या देशातील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. ते स्थान त्याने १९८० पर्यंत सोडले नाही. १९६० च्या सुमारास दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १६० माणसे पक्षाघाताने मरत होती, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू दाखल्यांवर मेंदूतील रक्तस्रावाचे म्हणून नोंदलेले होते. ईशान्येकडील हिमाच्छादित प्रांतांत, विशेषतः अकिता आणि आओमोरी येथे, परिस्थिती सर्वांत वाईट होती. तेथे चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष जात. शेती कसणारा माणूसच गेला म्हणजे मागे काय उरते, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

पण हे आकडे खरे होते का? येथून गोष्ट रंगू लागते. दाखल्यांप्रमाणे पाहिले तर १९५० च्या दशकात जपानमध्ये रक्तस्रावाचे मृत्यू तुंबण्याच्या मृत्यूंच्या बारापट भरत होते. युरोप-अमेरिकेत असे प्रमाण कोठेच नव्हते. परदेशी तज्ज्ञ शंका घेऊ लागले की, जपानी डॉक्टर कोसळून मेलेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर सवयीने 'मेंदूत रक्तस्राव' असे लिहीत असावेत. त्या काळी जिवंत माणसाच्या डोक्यात काय झाले आहे हे पाहण्याचे खात्रीचे साधनच नव्हते. मग वादाचा निकाल लागावा कसा?

तो लावण्यासाठी क्यूशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९६१ साली फुकुओका शहराला लागून असलेले हिसायामा नावाचे एक छोटे गाव निवडले. चाळीस वर्षे व त्यावरील सर्व रहिवाशांची तपासणी करायची, त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, आणि जो मरेल त्याच्या घरच्यांची संमती घेऊन शवविच्छेदन करायचे, अशी ही योजना. मरण पावलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांचे शवविच्छेदन त्या गावाने होऊ दिले! हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. आपल्या गावात असे कोणी विचारायला आले तर काय होईल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. वडिलांचा देह अजून घरात आहे, पाहुणे यायचे आहेत, आणि दाराशी डॉक्टर उभे आहेत. त्या गावकऱ्यांनी 'हो' म्हटले ते एकदा नव्हे, शेकडो वेळा. पक्षाघाताच्या अभ्यासात मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावे येतात, परंतु माझ्या मते ह्या अभ्यासाचे खरे कर्ते हे गावकरीच होत.

निष्कर्ष असा निघाला की, दाखल्यांवरचे बारापट हे प्रमाण खोटे होते. रक्तस्रावाचे आणि तुंबण्याचे मृत्यू जवळजवळ बरोबरीत होते. परदेशी तज्ज्ञांची शंका अशा रीतीने खरी ठरली, पण अर्धीच. कारण ह्या कसोटीतून तावून निघालेला रक्तस्रावाचा आकडाही पाश्चात्त्य देशांच्या मानाने मोठाच होता. रोग खरा होता. फक्त त्याचे माप चुकीच्या फूटपट्टीने घेतले गेले होते.

आकडा बदलला म्हणजे रोग बदलला असे नव्हे, हा पहिला धडा येथे मिळतो. त्याची आणखी दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. पहिले सीटी स्कॅनचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. ह्या शोधाबद्दल त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. सांडलेले रक्त ह्या चित्रात पांढरे दिसते. अमेरिकेतील रॉचेस्टर ह्या शहरात रहिवाशांच्या आजारपणाच्या नोंदी अनेक दशके जपून ठेवलेल्या आहेत. तेथे असे आढळले की, यंत्र आल्यावर लहान लहान रक्तस्राव दिसू लागले. पूर्वी असा रोगी बरा होऊन घरी जाई आणि त्याची नोंद 'तुंबणे' ह्या सदरात होई. शहरात रक्तस्राव वाढले नव्हते, ते दिसण्याचे प्रमाण वाढले होते. दुसरे उदाहरण पुन्हा जपानचेच. १९८५ साली हृदयविकाराने तेथे पक्षाघाताला मागे टाकून दुसरे स्थान घेतले होते. मात्र १९९५ साली पक्षाघात अचानक पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आला. काय झाले होते? मृत्यूच्या दाखल्याचा नमुना बदलला होता. शेवटी हृदय बंद पडणे हे कारण म्हणून लिहू नये, मूळ आजार लिहावा, अशी सूचना त्यावर आली होती. कागद बदलला, आणि हजारो मृत्यू एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात जाऊन बसले.

कागदाविषयी बोलतोच आहे तर एक घरचे सांगतो. माझे आजोबा मी जन्मण्यापूर्वी गेले. घरात सर्वजण सांगतात ते असे की, विहिरीवर त्यांचे डोके भयंकर दुखू लागले, ओकारी झाली, आणि संध्याकाळपर्यंत ते संपले. गावच्या नोंदीत मात्र मृत्यूच्या कारणापुढे 'वृद्धापकाळ' असा एकच शब्द आहे. त्यांचे वय अठ्ठावन्न होते. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही; त्याने तरी दुसरे काय लिहावे? परंतु अशा शब्दांची बेरीज करून एखाद्या तालुक्यात कोणत्या रोगाने किती माणसे मेली हे कोणी सांगू लागले, तर ते आकडे किती पारखून घ्यावे लागतील ते ह्यावरून दिसेल.

आता दुसरी अडचण, वयाची. रक्तस्राव म्हातारपणी अधिक होतो. त्यामुळे समाजात म्हातारे वाढले की रोगाची संख्या आपोआप वाढते. हे नीट समजण्यासाठी मी एक काल्पनिक हिशेब मांडतो. दहा हजार वस्तीच्या एका गावात नऊ हजार लोक साठीच्या आतले आणि एक हजार साठीच्या पुढचे आहेत असे धरू. पहिल्या गटात वर्षाला दर दीड हजारांत एकाला रक्तस्राव होतो, म्हणजे सहा. दुसऱ्या गटात दर शंभरांत एकाला, म्हणजे दहा. गावात एकूण सोळा. पुढे पन्नास वर्षांत गावाची वस्ती तेवढीच राहिली, परंतु मुले कमी झाली, माणसे जास्त जगू लागली. आता सात हजार तरुण आणि तीन हजार म्हातारे आहेत. रोगही खूप हटला आहे. तरुणांत आता साडेतीन हजारांत एकाला, म्हणजे दोन. म्हाताऱ्यांत दोनशेत एकाला, म्हणजे पंधरा. एकूण सतरा! दोन्ही वयोगटांत रोग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला, आणि तरीही गावचा डॉक्टर म्हणेल की पूर्वी सोळा रोगी येत, आता सतरा येतात, रोग वाढला. त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत. पण गावाचे वय बदलले आहे हे त्याच्या वहीत दिसत नाही.

जपानमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९६० साली पासष्टीच्या पुढची माणसे तेथे शंभरांत सहादेखील नव्हती. २०२० साली ती अठ्ठावीसच्या वर गेली. म्हणून संख्याशास्त्रज्ञ वयाचा फरक वजा करून दर काढतात. वयांची वाटणी सर्व वर्षी सारखीच असती तर किती मृत्यू झाले असते, असा तो प्रश्न असतो. हा सुधारलेला दर पाहिला तर जपानमधील पक्षाघाताचे मृत्यू १९६५ च्या सुमारास शिखरावर होते, आणि तेथून ते घसरत घसरत २००० सालापर्यंत सुमारे एक-पंचमांशावर आले. १९८१ साली कर्करोगाने पहिले स्थान घेतले, आणि २०१८ पासून पक्षाघात चौथ्या क्रमांकावर आहे. ह्या घसरणीत मोठा वाटा रक्तस्रावाचा होता. दाखल्यांच्या सर्व चुका जमेस धरूनही एवढी मोठी घसरण केवळ कागदावरची असू शकत नाही.

मग खरोखर बदलले काय? ह्याचे उत्तर शोधायला अकिताच्या स्वयंपाकघरात जावे लागते. तेथे हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ पडते. भाजी पिकत नाही, मासा टिकत नाही. म्हणून शरद ऋतूतच मुळे, कोबी, काकड्या मिठात घालून पिंपे भरून ठेवत. मासे खारवत. त्यावर सोयाबीनच्या खारट लगद्याचे, म्हणजे मिसोचे सार दिवसातून दोन-तीनदा, आणि ह्या सर्वांच्या तोंडीलावण्यावर भरपूर भात. अमेरिकेतील संशोधक लुइस डाल ह्यांनी १९६० साली पाच निरनिराळ्या समाजांची तुलना प्रसिद्ध केली. अलास्कातील एस्किमोंच्या आहारात दिवसाला सुमारे ४ ग्रॅम मीठ, अमेरिकनांच्या १०, दक्षिण जपानमध्ये १४, आणि उत्तर जपानमध्ये २६ ग्रॅम! ज्या क्रमाने मीठ चढत गेले त्याच क्रमाने रक्तदाबाचे रोगीही. आमच्या वसतिगृहातल्या चहाच्या चमच्यात पाच-सहा ग्रॅम मीठ मावते. म्हणजे उत्तर जपानमधला माणूस रोज चार-पाच चमचे मीठ पोटात घालत होता. आज जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहा असे सांगते.

हिरोसाकी विद्यापीठाचे प्राध्यापक नाओसुके सासाकी हे त्या भागात गावोगाव हिंडून रक्तदाब मोजणाऱ्यांपैकी एक होत. सफरचंदाच्या बागा असलेल्या गावांतले लोक, जे भरपूर सफरचंदे खातात, त्यांचा रक्तदाब शेजारच्या भातशेतीच्या गावांपेक्षा कमी असतो असे त्यांना दिसून आले. हवा तीच, बर्फ तेच, आणि तरी फरक. फळांतील पोटॅशियम मिठाच्या विरुद्ध काम करते, हे आज सर्वमान्य आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र अकिता प्रांतातील इकावा ह्या गावी झाला. ओसाकाच्या डॉक्टरांचे एक पथक १९६३ पासून तेथे जाऊ लागले. त्यांनी जे केले त्यात चमत्कार असा काहीच नाही. दरवर्षी गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजायचा. ज्याचा चढा असेल त्याला औषध सुरू करायचे, आणि तो ते घेतो की नाही हे घरी जाऊन पाहायचे. बायकांना एकत्र बसवून सार कमी खारट कसे करावे ते शिकवायचे. पक्षाघाताच्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवायची. जवळच्या दुसऱ्या एका वस्तीत हेच काम नाममात्र चालले होते, त्यामुळे तुलना करता आली. १९८० च्या दशकापर्यंत इकावातील पुरुषांत नव्याने होणारे पक्षाघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी झाले. दुसऱ्या वस्तीत ही घट एक-तृतीयांशाच्याही आत राहिली. देशभर काळ बदलतच होता, तो दोन्हीकडे बदलला. परंतु मोजणी आणि पाठपुरावा जेथे झाला तेथे त्याने अधिक दिले. स्त्रियांमध्ये मात्र दोन गावांत असा ठळक फरक निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

काळ कसा बदलत होता ते थोडक्यात असे. १९६० साली जपानमध्ये दहांतील एका घरीच शीतकपाट होते. १९७० च्या सुमारास दहांतील नऊ घरांत ते आले. भाजी-मासळी मिठाशिवाय टिकू लागली. १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला आरोग्य विम्याचे संरक्षण मिळाले, त्यामुळे रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणे गरिबालाही शक्य झाले. अशा गोळ्या बाजारात येऊन तेव्हा तीन-चारच वर्षे झाली होती. नागानो ह्या डोंगराळ प्रांतात गृहिणींच्या आरोग्य मंडळांनी घरोघरी जाऊन साराचा खारटपणा यंत्राने मोजला, आणि निदान एक खोली तरी हिवाळ्यात उबदार ठेवा असा प्रचार केला, कारण थंडीने रक्तदाब चढतो. पक्षाघातासाठी कुप्रसिद्ध असलेल्या ह्या प्रांतातले पुरुष १९९० साली आयुर्मानात साऱ्या देशात पहिले आले.

आहारातला आणखी एक बदल जरा गोंधळात टाकणारा आहे. जुन्या जपानी शेतकऱ्याच्या ताटात दूध, अंडी, मांस जवळजवळ नव्हते, आणि त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल फार कमी असे. कोलेस्टेरॉल कमी म्हणजे प्रकृती उत्तम, असे आपण ऐकतो. पण रक्तदाब चढा आणि कोलेस्टेरॉल अगदी कमी अशा माणसांत मेंदूतील रक्तस्राव अधिक होतो, असे जपानी डॉक्टरांना दिसत होते. पुढे अमेरिकेतील लाखो पुरुषांच्या पाहणीतही १९८९ साली तसेच आढळले. फार स्निग्धता नसलेल्या धमन्यांची भिंत दुबळी राहत असावी असा त्यांचा तर्क. जपानी ताटात थोडे दूध, थोडे मांस आले ते ह्या दृष्टीने हिताचे ठरले. अर्थात ह्यावरून कोणी वसतिगृहाच्या मेसमध्ये जास्त तूप मागू नये. मूळ दोषी रक्तदाब आहे, हे त्याच पाहणीत दिसते.

हिसायामात पुढे काय झाले? तेथे १९६१, १९७४ आणि १९८८ असे तीन वेळा नवे गट घेऊन त्यांची तुलना करण्यात आली. पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटातील पुरुषांत मेंदूतील रक्तस्राव ६१ टक्क्यांनी कमी झाला. येथवर सर्व ठीक. परंतु दुसऱ्या गटापासून तिसऱ्यापर्यंत तो पुढे उतरलाच नाही, आणि स्त्रियांत तर आरंभापासूनच लक्षणीय घट दिसली नाही. अतिशय चढ्या रक्तदाबाचे लोक कमी झाले, विडीकाडी कमी झाली. त्याच वेळी लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे झुकणारे लोक मात्र पुष्कळ वाढले. अशी उतरण सरळ रेषेत शून्याकडे जात नसते. प्रथम सोपा भाग सुटतो, मग अवघड भाग उरतो. देशभरातला मिठाचा वापर २०१९ सालीही दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास होता. २६ वरून १० पर्यंत येणे जमले, पण १० वरून ५ पर्यंत येणे जमलेले नाही.

हा अवघड भाग कोणता, ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अभ्यासात अधिक स्पष्ट दिसते. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा २००२ ते २००६ ह्या काळात त्याच भागातील लोकांची मोजणी झाली. पंचाहत्तरीच्या आतल्या लोकांत रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि ही घट मुख्यतः रक्तदाबामुळे होणाऱ्या रक्तस्रावांतली होती. पंचाहत्तरीच्या पुढे मात्र काहीच कमी झाले नव्हते. ह्याची कारणे दोन. वृद्धापकाळी मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या नलिकांत एक प्रकारचे प्रथिन साठून त्या ठिसूळ होतात. ह्याचा मिठाशी संबंध नाही. दुसरे कारण औषधांचे. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वृद्धांना गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. अमेरिकेतील सिनसिनाटी परिसरात अशा गोळ्यांशी निगडित रक्तस्रावांचे प्रमाण १९८८ पासून १९९९ पर्यंत सुमारे पाचपट झाले. गोळ्या वाईट आहेत असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. पाट तुंबू नये म्हणून पाणी मोकळे ठेवले, तर जुना बांध कोठेतरी पाझरण्याची शक्यता वाढते. पण पुष्कळांचा वाफा त्याच पाण्याने वाचतो. ह्या अभ्यासांवरून दिसते ते हे की, मेंदूतील रक्तस्राव हे नाव तेच राहिले, पण त्याचा रोगी बदलला. पूर्वी तो पन्नाशीचा शेतकरी होता, आता ऐंशीची आजी आहे.

आणि सर्व जगभर काय? आरंभी उल्लेखिलेल्या २०१० च्या आढाव्याप्रमाणे १९८० नंतरच्या अभ्यासांत एकंदरीने रक्तस्रावाचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही, आणि आशियाई लोकांत ते इतरांच्या सुमारे दुप्पट होते. म्हणजे जपानची पूर्वीची गोष्ट अनेक देशांत अजून वर्तमानकाळात चालू आहे.

आपल्या राज्यातल्या दोन मोजण्या मला वाचायला मिळाल्या. मुंबईच्या एका भागात २००५-०६ साली पक्षाघाताच्या रोग्यांची नोंद करण्यात आली. त्यांतील बहुतेकांचे स्कॅन झालेले होते. दर पाचांतील चार रोगी तुंबण्याचे आणि सुमारे १८ टक्के फुटण्याचे निघाले. दुसरी मोजणी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांची. 'सर्च' ह्या संस्थेने २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी केली. सातांतील एक मृत्यू पक्षाघाताचा होता, आणि मृत्यूच्या कारणांत त्याचाच क्रमांक पहिला लागला. बहुतेक माणसे घरीच मरण पावली होती. दुर्गम खेड्यांत पक्षाघाताने एवढी माणसे मरत असतील असे कितीजणांना वाटले असते? मात्र घरच्यांना लक्षणे विचारून ठरवलेल्या ह्या निदानात पाट तुंबला होता की फुटला होता हे सांगता येत नाही. शिवाय एकदा केलेली मोजणी म्हणजे एक बिंदू. दर चढतो आहे की उतरतो आहे हे कळायला त्याच गावांत, त्याच पद्धतीने, काही वर्षांनी दुसरा बिंदू लागतो.

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच असल्यामुळे औषधाच्या पाकिटावरचे मी वाचून सांगावे अशी घरी अपेक्षा असते. ह्या लेखासाठी वाचन चालू असतानाच गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आईला गावच्या उपकेंद्रात नेले. तिला काहीच होत नव्हते, म्हणून ती यायला तयार नव्हती. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १५२ आला. थोडा वेळ बसवून त्यांनी पुन्हा मोजला, तेव्हा १४८ आला. त्यांनी वहीत नवीन पान काढून आईचे नाव, वय आणि दोन्ही आकडे लिहिले, आणि पुढच्या बुधवारी परत यायला सांगितले.